मूल उशिरा बसतंय, रांगतंय, चालतंय: थेरपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी ११ महिन्यांची झाल्यावर आधाराशिवाय बसली आणि पहिली चार पावलं टाकली तेव्हा ती २६ महिन्यांची होती. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे बरेच आईबाबा मला प्रश्न पाठवतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही. तुमच्या बाळाला प्रत्यक्ष हात लावून तपासणारा माणूस वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

१. कुठल्या महिन्यात काय यायला हवं? बहिणीचं बाळ ११ व्या महिन्यात चाललं, आमचं १४ महिन्यांचं होऊन अजून धरूनच उभं राहतं.

एकच आकडा नसतो, रेंज असते आणि ती बरीच मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ देशांतल्या ८१६ मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे आकडे दिले त्यात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९ आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने असं आहे. म्हणजे ११ व्या महिन्यात चालणारं मूल आणि १६ व्या महिन्यात चालणारं मूल दोघंही नॉर्मलच. तुमचं १४ महिन्यांचं बाळ धरून उभं राहतंय, फर्निचर धरून बाजूबाजूला पावलं टाकतंय तर गाडी रुळावर आहे. पण नुसत्या तारखा बघू नका, बाळ कसं हलतं तेही बघा, दोन्ही बाजू सारख्या वापरतं का, दर महिन्याला काहीतरी नवीन येतंय का. माझ्या मते हे दोन प्रश्न कुठल्याही चार्टपेक्षा जास्त सांगतात.

२. बाळ दोन महिने आधी जन्मलं. मग वय कुठून मोजायचं?

डॉक्टरांनी दिलेल्या डिलिव्हरीच्या मूळ तारखेपासून. बाळ आज ९ महिन्यांचं आहे आणि २ महिने आधी आलं, तर हालचालींसाठी ते ७ महिन्यांचं धरायचं. साधारण २ वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. फक्त एक सांगते, असं वय धरूनही बाळ मागे वाटत असेल तर "लवकर जन्मलंय ना, म्हणून" असं म्हणून विषय सोडू नका, कारण वेळेआधी जन्मलेल्या बाळांकडे उलट जास्त लक्ष द्यावं लागतं.

३. घरातले सगळे म्हणतात थांब, प्रत्येक मूल आपल्या वेळेने करतं, याचे बाबापण उशिराच चालले होते. थांबायचं का?

तपासणीसाठी नाही थांबायचं. घरातल्यांचं म्हणणं खोटं नसतं, उशिरा चालणं खरंच काही घराण्यांत असतं. पण कुठलं मूल नुसतंच सावकाश आहे आणि कुठल्या मुलाला मदत हवीय हे लांबून कळत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर एक चक्कर गेली, एवढंच ना? आणि ठीक नसेल तर पहिल्या दोन वर्षांत मेंदू ज्या वेगाने शिकतो तो वेग नंतर मिळत नाही. मला स्वतःला एका ठिकाणी "अजून सहा महिने वाट बघा" सांगितलं होतं आणि मी वाट बघितली, कारण मला तेच ऐकायचं होतं. ते सहा महिने अजूनही मनातून जात नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की तपासायला जा. जाताना मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, बाळ जमिनीवर मोकळं खेळतानाचे, कारण डॉक्टरांसमोर गेलं की बाळ एकतर रडतं नाहीतर चिकटून बसतं.

४. कुठल्या गोष्टी दिसल्या तर अजिबात वेळ घालवू नये?

आधी सगळ्यात तातडीच्या. येत असलेली गोष्ट बंद होणं, म्हणजे बसत होतं आणि आता बसवलं तर कोसळतं. अंग लुळं आणि त्याच्यासोबत दूध ओढायला किंवा श्वास घ्यायला त्रास. आणि झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा, एकामागोमाग एक, दचकल्यासारखं मान आणि हात पुढे झटकणं, हे एक प्रकारचे झटके असू शकतात, व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. अजून एक, चेहरा हसरा, नजर एकदम तल्लख, पण हातपाय दिवसेंदिवस कमी हलतायत असं वाटलं तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी तपासायला लागते. स्नायू दिवसेंदिवस कमजोर करणाऱ्या या जनुकीय आजारावर पहिलं औषध २०१६ मध्ये मान्य झालं आणि जितकं लवकर सुरू होईल तितका फायदा जास्त, इथे एकेक आठवडा मोजायचा असतो.

मग लवकरात लवकर अपॉइंटमेंट घ्यावी अशा गोष्टी. ४ महिन्यांनंतरही मान लटकते, मुठी कायम घट्ट मिटलेल्या, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, ९-१० महिन्यांत बसत नाही, १८ महिन्यांत एकट्याने चालत नाही. आणि एक वर्षाच्या आतच एकच हात वापरणं. हे बऱ्याच जणांना कौतुकाचं वाटतं, "आमचा डावखुरा होणार" वगैरे, पण इतक्या लहान वयात बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं, एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्याला काय झालंय ते बघायला हवं.

५. डॉक्टर नेमकं काय तपासतात? आणि निदानच झालं नाही तर थेरपी कशाची करायची?

अंगाचा ताण कसा आहे (लुळेपणा की ताठपणा), रिफ्लेक्स, डोक्याचा घेर, नजर, कान, कंबरेचे सांधे. गरजेप्रमाणे थायरॉइड, ड जीवनसत्त्व, कधी एमआरआय किंवा जेनेटिक टेस्ट. १८ महिन्यांनंतरही न चालणाऱ्या मुलांत, मुलग्यांत तर नक्कीच, सीके नावाची साधी रक्ततपासणी सांगतात, स्नायूंचा आजार नाही ना हे बघायला. सगळ्यांच्या सगळ्या टेस्ट होत नाहीत, घाबरू नका.

थेरपीला निदानाची वाट बघायची नसते. बऱ्याच मुलांना वर्षानुवर्षं नाव मिळत नाही, माझ्या मुलीच्या फाइलवर अजूनही फक्त "हायपोटोनिया" म्हणजे अंगाचा ताण कमी एवढंच लिहिलंय. थेरपिस्ट आज मूल काय करू शकतं आणि त्याच्या पुढची पायरी कुठली यावर काम करतो, त्याला नाव लागतंच असं नाही. पण याचा अर्थ थेरपी सुरू झाली म्हणजे तपासण्या सोडून द्यायच्या असाही नाही, कारण ४ मध्ये लिहिलेल्यासारख्या काही आजारांत नाव कळल्यावर उपचारच बदलतात.

६. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी, दोन्ही लागतात का?

ढोबळ फरक असा की मान, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं, तोल हे फिजिओचं. हात, बोटं, पकडणं, स्वतःच्या हाताने खाणं, कपडे घालणं हे ऑक्युपेशनल थेरपीचं, ज्याला सगळे ओटी म्हणतात. लहान बाळात दोन्ही एकमेकांत मिसळलेलंच असतं, कारण बसायला जमलं नाही तर हात टेकवण्यातच अडकतात आणि खेळायला मोकळे राहत नाहीत. एकाने सुरुवात करा, दुसऱ्याची गरज असेल तर तोच सांगेल. गिळायला किंवा चावायला त्रास असेल तर स्पीच थेरपिस्टपण लागतो.

७. सेशनमध्ये थेरपिस्ट मुलाशी नुसता खेळतो. एक्सरसाइज कधी करून घेणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कळलं की बाकी निम्मे प्रश्न सुटतात. तोच एक्सरसाइज आहे. मूल झोपलंय आणि कोणीतरी त्याचे पाय सायकलसारखे फिरवतंय, यात हालचाल त्या माणसाची असते, मुलाची नाही. मेंदू शिकतो ते मुलाने स्वतः ठरवून, स्वतः जोर लावून, चुकून, परत करून बघितलं की. म्हणून थेरपिस्ट खेळणं सोफ्यावर ठेवतो, एवढ्या उंचीवर की मुलाला गुडघ्यावर उठावंच लागेल. थोडं उजवीकडे ठेवतो, म्हणजे अंग वळवून वजन एका बाजूला टाकावं लागेल. बघणाऱ्याला वाटतं खेळ चाललाय, पण खेळणं कुठे ठेवलंय, किती लांब, हात कुठे धरलाय आणि कधी सोडला यात सगळं कौशल्य असतं.

एक आकडा मला फार आवडतो. २०१२ मधल्या एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात असं दिसलं. तासाला! चालणं शिकायला एवढी प्रॅक्टिस लागते. आपल्या मुलाला ती आपोआप मिळत नाही कारण त्याला प्रत्येक हालचाल महाग पडते, म्हणून ती मिळेल अशी सोय आपण करायची.

तुम्ही सेशनमध्ये आत बसा आणि विचारा, "हे आत्ता कशासाठी केलंत?" चांगला थेरपिस्ट आनंदाने सांगतो. पालकांना बाहेरच बसवणारं आणि काहीच न सांगणारं ठिकाण मला पटत नाही.

८. घरी रोज किती वेळ करून घ्यायचं? आम्ही दोघंही नोकरी करतो.

वेगळा तास काढू नका, टिकत नाही. मी पहिले दोन महिने भिंतीवर तक्ता लावून सकाळ-संध्याकाळ ४५ मिनिटं करायचे, ती रडायची आणि मीपण रडायचे. मग आमच्या थेरपिस्टने तक्ता काढायला लावला आणि विचारलं की दिवसात तिला किती वेळा उचलता? मोजलं तर पंचवीस-तीस वेळा. मग थेरपिस्टने आमचं उचलणंच बदललं. सरळ काखेत हात घालून उचलायचं नाही, आधी कुशीवर वळवायचं, कोपरावर टेकू द्यायचं, मग बसतं करायचं आणि मग उचलायचं. दिवसाला तीस वेळा उठून बसण्याची प्रॅक्टिस, एक मिनिटही जास्त न काढता.

तसंच बाकीचं. डायपर बदलताना दोन्ही बाजूंना वळवणं, कपडे घालताना तुमच्या मांडीवर बसवून एक पाय उचलू देणं, खेळणी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवणं म्हणजे उभं राहून खेळावं लागेल. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वस्तू हातात देण्याआधी दहापर्यंत मोजणं. मूल प्रयत्न करतंय आणि आपल्याला बघवत नाही, आपण पटकन देतो, तिथेच प्रॅक्टिस जाते. थेरपिस्टकडून एका वेळी दोनच गोष्टी मागा, दहा दिल्या तर एकही होत नाही. पाळणाघरात किंवा आजी-आजोबांकडे मूल असेल तर त्याच दोन गोष्टी त्यांना एकदा करून दाखवा, नुसतं सांगू नका.

९. मूल सेशनभर रडतं. चालू ठेवायचं की बंद करायचं?

पहिली दोन-तीन सेशन नवीन माणूस, नवीन जागा म्हणून रडणं समजू शकतं. जोर लावताना कुरकुरणंही ठीक. पण महिना झाला तरी दारातूनच रडायला लागतं आणि शेवटपर्यंत थांबत नाही, तर काहीतरी बदलायला हवं, रडणारं मूल शिकत नाही. झोपेची वेळ टाळून बघा, मूल तुमच्या मांडीवर असताना सुरुवात करायला सांगा. "रडू दे, रडल्यानेच ताकद येते" असं कोणी म्हटलं तर मी तिथे परत जाणार नाही. दुखतंय का हेही डॉक्टरांना विचारा, विशेषतः पाय फाकवताना ओरडत असेल तर, कारण कंबरेचा सांधा सरकत असू शकतो.

१०. पालथं ठेवलं की एक मिनिटात ओरडायला लागतं. काय करू?

जमिनीवरच ठेवायचं असं नाही. तुम्ही मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथं घ्या, तुमचा चेहरा बघायला मान उचलतं. नाहीतर छातीखाली टॉवेलची गुंडाळी, कोपरं पुढे. एक-एक मिनिट, पण दिवसात दहा वेळा. स्वतःहून हालचाल न करणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तिथे हळूहळू पोचायचं. हे सगळं बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असतानाच, झोपवताना मात्र कायम पाठीवर.

११. वॉकरमध्ये ठेवलं तर लवकर चालेल ना?

नाही. चाकांच्या वॉकरमध्ये मूल बोटांच्या टोकावर ढकलत जातं, तोल सांभाळायचं काम वॉकर करतो आणि तेच तर शिकायचंय. वर जिने, गरम वस्तू यांचा धोका, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. घरात असेल तर काढून टाका. मागून ढकलत चालायची जड ढकलगाडी वेगळी, ती थेरपिस्टला विचारून चालते. आणि थेरपीत देतात ते मागे आधार असलेले वॉकर तर पूर्णच वेगळे, नावावरून गोंधळू नका.

१२. आमचं बाळ रांगलंच नाही, बसूनच सरकतं. रांगायला शिकवायलाच हवं का?

रांगणं सगळी मुलं करत नाहीत. १ मध्ये सांगितलेल्या अभ्यासातच ४ टक्क्यांच्या आसपास मुलं हातगुडघ्यांवर रांगली नव्हती, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये कुठल्या वयात काय यावं याची आपली यादी बदलली तेव्हा रांगणं त्यातून काढून टाकलं. बुडावर सरकणारी मुलं चालायलाही बऱ्याचदा उशीर करतात आणि घरात अजून कोणीतरी तसंच केलेलं असतं. तरी एकदा दाखवा, कारण अंगाचा ताण कमी असल्यामुळेही मुलं असं सरकतात, आणि एकाच पायाने किंवा एकाच हाताने ढकलत असेल तर नक्कीच दाखवा. थेरपिस्ट रांगण्यावर काम करतात ते खांदे, हात आणि कंबर यांना वजन घ्यायची सवय व्हावी म्हणून, ती सवय दुसऱ्या खेळांतूनही लावता येते.

१३. पाय मागे दुमडून, दोन्ही बाजूंना टाकून बसतो. सारखं ओरडून सरळ करायला लागतं.

ओरडू नका. या बसण्यात बूड खाली टेकलेलं आणि पाय दोन्हीकडे पसरलेले, म्हणून तोल सांभाळायला काही करावंच लागत नाही, मुलाला सोपं जातं. मधूनमधून तसं बसणाऱ्या, बाकी व्यवस्थित हलणाऱ्या मुलाला काही होत नाही. फक्त तसंच एक बसणं येत असेल, किंवा पाय ताठ असतील, तर थेरपिस्टशी बोला. तोपर्यंत छोटं स्टूल द्या, त्यावर बसून खेळू दे.

१४. चवड्यांवर चालते, टाचा टेकतच नाही.

नवीन नवीन चालताना बरीच मुलं करतात. मधूनच टाचा टेकते आणि सांगितलं की टेकवू शकते, तर थोडं बघू शकता. वयाच्या दोन-तीन वर्षांनंतरही चालूच असेल, फक्त एकाच पायाने असेल, किंवा तुम्ही हाताने पाऊल वर वळवायला गेलात तर वळतच नसेल, तर दाखवा.

१५. स्प्लिंट घातले तर पाय त्याच्यावरच अवलंबून राहतील ना? आणि बूट कुठले?

स्प्लिंट (घोट्याला आधार देणारे, ज्यांना एएफओ म्हणतात) हे घोटा नीट जागेवर धरायला असतात, म्हणजे मूल वर गुडघा आणि कंबर वापरायला मोकळं होतं. आमच्याकडे स्प्लिंट घातल्यावर ती दुप्पट वेळ उभी राहायला लागली. काढल्यावर कातडीवर लाल डाग २०-३० मिनिटांत गेले नाहीत तर ते परत दाखवून नीट करून घ्या, पाय वाढला की स्प्लिंट लहान होतो. स्प्लिंट नसेल तर घरात अनवाणीच बरं, तळव्याला जमीन कळते. बाहेर मऊ, वाकणारा तळ.

१६. मसाजने पाय मजबूत होतात का?

मसाजने बाळाला छान वाटतं, झोप लागते, तुमचं आणि त्याचं नातं जुळतं, त्यासाठी जरूर करा. ताकद मात्र स्नायूने स्वतः काम केल्यावर येते (७ बघा). ताठ असलेले पाय जोरात ओढू नका.

१७. तीन महिने झाले, काहीच प्रगती नाही. थेरपिस्ट बदलू?

आधी बघा की लक्ष्य काय ठरवलं होतं. "चालायला लागावं" हे लक्ष्य नाही, ते स्वप्न आहे आणि असावंच. लक्ष्य म्हणजे "हात न टेकता खेळत दोन मिनिटं बसेल". असं लिहून ठेवलं आणि दर महिन्याला त्याच जागी त्याच खेळण्यासोबत व्हिडिओ काढला तर कळतं. मला रोज बघून वाटायचं तसूभर हलली नाही, आणि जुना व्हिडिओ बघून दोनदा खात्री करायला लागली की ही तीच. आजारपणानंतर आठवडा-दोन आठवडे मागे गेल्यासारखं वाटतं तेही होतं, पण त्याहून जास्त राहिलं तर ४ परत वाचा. लक्ष्यच नाहीत, विचारलं तर उत्तर नाही, आणि तीन महिने एकच साचा, तर बदला, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

१८. एकाने गॅरंटी दिलीय, स्टेम सेलचे इंजेक्शन घेतले की सहा महिन्यांत चालेल.

गॅरंटी हा शब्द ऐकला की उठून यायचं. स्टेम सेलवर संशोधन चालू आहे, पण मुलांच्या हालचालींसाठीचा तो सिद्ध झालेला नेहमीचा उपचार नाही. पैसे गेले तर एक वेळ परत येतील, पण त्या नादात थेरपी सुटते ते जास्त वाईट.

१९. चालायला लागला. आता थेरपी बंद?

लगेच नको. जिना, उडी, पळताना वळणं, खडबडीत जमीन, जमिनीवरून हात न टेकता उठणं, हे पुढचं काम असतं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवत ठेवत वर चढत असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, तो स्नायू कमजोर असल्याचा खूण-इशारा असतो. सगळं छान असेल तर सेशन कमी करत महिन्याला एक, मग तीन महिन्यांनी एक, असं करतात. पुढे शाळेत बटणं, कात्री, बॉल झेलणं यात अडखळलं तर परत जायचं.

२०. आणि चालणारच नसेल तर? हे कोणाला विचारायची हिंमत होत नाही.

मला झाली नव्हती, म्हणून इथे लिहिते. सेरेब्रल पाल्सीसारख्या (लहान वयात मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो तो आजार) निदानात हालचालींच्या पाच पातळ्या असतात आणि साधारण वयाच्या दोन वर्षांनंतर डॉक्टर बऱ्यापैकी अंदाज देऊ शकतात. दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसायला लागलं तर पुढे चालण्याची शक्यता बरीच चांगली धरतात. सरळ विचारा, "तुमच्या अंदाजाने कुठल्या पातळीवर आहे आणि का?" उत्तर ऐकायला कोणालातरी सोबत न्या, कारण पहिल्या वाक्यानंतरचं आपल्याला काही ऐकू येत नाही.

आणि चालणं लांब असेल किंवा नसेलच, तरी मुलाने हलायची वाट बघत एका जागी बसून राहायचं नाही. दोन वर्षांच्या आतली मुलंसुद्धा बटण दाबून चालणारी छोटी गाडी किंवा पॉवरची खुर्ची चालवायला शिकतात आणि त्यामुळे चालायची इच्छा कमी होते असं काही नाही. उभं राहायची फ्रेम, नीट बसायची खुर्ची, कंबरेच्या सांध्यांचे ठरलेल्या वेळी एक्सरे, हे सगळं थेरपीच आहे. माझ्या ओळखीतला एक चार वर्षांचा मुलगा खुर्चीतून सगळ्यात आधी बाल्कनीच्या दारापाशी गेला, कारण तिथे काय दिसतं ते त्याला आजवर कोणीतरी उचलून नेल्यावरच बघायला मिळायचं. त्या दिवशी तो दुपारभर तिथेच होता.